स्टेशनच्या बाकावरून येणारा फोन

"ताई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा बेळगावात मेकॅनिकल करून सप्टेंबरात जर्मनीला गेला, केम्निट्झला, पुढच्या शिक्षणासाठी. दोन महिने झाले, खोलीत अजून नेट नाही म्हणतो. रात्री नऊला आमचं बोलणं होतं, तेव्हा कधी रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसलेला असतो, कधी बेकरीत. अंगात जाड जॅकेट, मागून गाड्यांच्या घोषणा. पाच मिनिटांत त्याचं चित्र गोठतं, 'आई, आवाज तुटूलाय' म्हणतो आणि फोन कट. आमच्या इथं खेड्यात शंभरचा स्पीड आहे आणि जर्मनीत नेट मिळत नाही, हे मला पटत नाही. पैसे वाचवायला तो नेट घेत नाही का? काही लपवतोय का? त्यात शेजारच्यांनी सांगितलं, फुकटच्या वायफायवर खात्यातले पैसे जातात. त्याचे वर्षाचे पैसे तिथल्या खात्यात आहेत. रात्री झोप लागत नाही. मी काय करू?" – एक आई, खानापूर तालुका

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा खरं सांगतोय, असं मला मनापासून वाटतं. हे आधी लिहिते, कारण नेटपेक्षा हाच प्रश्न तुमच्या जिवाला जास्त लागलाय, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. नव्यानं जर्मनीत पोचलेल्या मुलाच्या खोलीत दोन महिने नेट नसणं ही तिथं अगदी नेहमीची गोष्ट आहे. मी २००९ ते २०१४ तिथं होते. सुरुवातीला वडगावला बाबांशी बोलायला मी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात जायची. काचेची छोटी खोली, मिनिटावर पैसे, आणि बाहेर ताटकळणारी माणसं. बाबा विचारायचे, "घरातनं का करत नाहीस?" मी सांगायची, आणि त्यांच्या आवाजात तुमच्यासारखीच शंका ऐकू यायची.

तीन आठवडे असे गेले. मग शेजारच्या खोलीतली एक पोलिश मुलगी माझ्याकडे आली, तिनं माझं कपाट हातभर पुढे ओढलं. मागे भिंतीवर नेटच्या वायरीसाठी चौकोनी खाच होती. वसतिगृहाच्या भाड्यातच नेट होतं. फक्त वायर लावायची आणि विद्यापीठाच्या नावानं नोंद करायची होती. खोली ताब्यात देताना मिळालेल्या जर्मन कागदावर ते लिहिलेलं होतं, पण मला कुणी तोंडी सांगितलं नव्हतं. म्हणून तुमच्या मुलाला पहिलं काम हे सांगा: वसतिगृहात राहत असेल तर कपाटामागे, पलंगामागे, टेबलाखाली बघ. खाच सापडली तर पाच-दहा युरोची लॅन केबल पुरते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला ती वायर लावायची जागाच नसते; त्यासाठी यूएसबीला लावायचा एक छोटा जोड मिळतो. आणि स्वतःचा राउटर लावण्याआधी वसतिगृहाला विचारायला सांगा, काही ठिकाणी त्याला मनाई असते.

तो खासगी खोलीत राहत असेल तर गोष्ट लांबते. तुमच्या खेड्यात शंभरचा स्पीड आणि जर्मनीत रडकथा, हे पटणं अवघडच आहे. पण त्याचं कारण जमिनीखालच्या तारेत आहे. जर्मनीत घरोघरी टेलिफोन फार पूर्वी पोचला, तोही तांब्याच्या तारेनं. नेट आलं तेव्हा ते त्याच तारेवर चढवलं. त्याला डीएसएल म्हणतात. आपल्याकडेही लँडलाइनला एक मोडेम जोडलेला असायचा, दिवे लुकलुकणारा, तेच हे. या तारेत खोट अशी की रस्त्यावरच्या पेटीपासून घर जितकं लांब, तितका वेग घटतो. एकाच रस्त्यावर पेटीजवळच्या घरी शंभर एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) आणि टोकाच्या घरी सोळा, असं होतं.

आपल्याकडे मधला टप्पा बऱ्याच गावांनी पाहिलाच नाही. खानापूरच्या पश्चिमेकडच्या कितीतरी घरांत लँडलाइन आलीच नाही. आधी मोबाइल आला आणि मग एक दिवस केबलवाल्यानं खांबावरून काळी फायबरची वायर ओढून दिली. जर्मन शहरात अशी खांबावरून वायर ओढत नाहीत. रस्ता खणायचा, पालिकेची परवानगी घ्यायची, घरमालकाचा होकार घ्यायचा. फायबरचं काम तिथं चालू आहे, पण त्या गतीनं. तेव्हा तुमच्या घरातलं नेट त्याच्या खोलीतल्या नेटपेक्षा खरोखर चांगलं असू शकतं. पोरगं ज्या देशात शिकायला गेलंय तो मागासलेला आहे असा याचा अर्थ काढू नका, आणि पोरगं खोटं बोलतंय असाही काढू नका.

आता त्या गोठणाऱ्या चित्राकडे येते. पुढच्या वेळी त्याला एवढंच विचारा: "तुला मी नीट दिसते का?" तुमचं चित्र त्याला स्वच्छ दिसत असेल आणि त्याचंच तुम्हाला गोठलेलं दिसत असेल, तर अडचण बहुधा त्याच्या बाजूनं वर जाणाऱ्या वेगात, म्हणजे अपलोडमध्ये आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा खाली येणाऱ्या वेगाचा असतो. डीएसएलमध्ये वर जाणारा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. शंभरच्या जोडणीला वर साधारण चाळीस, सोळाच्या जोडणीला जेमतेम दोन. आपल्याकडच्या फायबरला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखाच वेग मिळतो, त्यामुळे आपल्याला या फरकाची सवयच नसते. त्यात स्टेशनावरच्या वायफायवर गाडीची वाट बघणारी शंभर माणसं लटकलेली असतात. संध्याकाळची वेळ, सगळे कामावरून परतताना व्हिडिओ बघतायत. तिथं पाच मिनिटं बोलणं झालं हेच पुष्कळ.

उलट, तुमचंच चित्र त्याच्याकडे अडकत असेल तर दोष खानापुरात शोधायचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

व्हिडिओ कॉलला फार वेग लागतो हा एक मोठा गैरसमज आहे. नीट दिसणाऱ्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी एक-दीड एमबीपीएस पुरतो. त्याला शंभरचं नेट लागत नाही, न तुटणारं थोडंसं नेट लागतं. म्हणून माझा सल्ला असा की खोलीतलं नेट येईल तेव्हा येईल, आज त्याच्या खिशात तिथलं स्वतःचं मोबाइल नेट असायलाच हवं. जर्मनीत प्रीपेड सिम किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतही मिळतं, आल्डी आणि लिडल या दोन्ही साखळ्यांची स्वतःची सिम आहेत. साधारण दहा युरोच्या आसपास चार आठवड्यांचा पॅक येतो. २०१७ पासून तिथं प्रीपेड सिमला ओळख पटवणं सक्तीचं आहे. पासपोर्ट घेऊन पोस्टात जाऊन किंवा मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं ते होतं. त्यानं दोन महिन्यांत हे केलंच असेल. केलं असेल तर मग तो वायफायसाठी स्टेशनावर का बसतो? इथं तुमचा पैसे वाचवण्याचा अंदाज बरोबर असू शकतो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे रोज दीड-दोन जीबी मिळायची सवय. तिथं तेवढा डेटा महिन्याच्या हिशेबात जपून वापरावा लागतो. एक एमबीपीएसनं अर्धा तास व्हिडिओवर बोललं तर एका बाजूचा सव्वादोनशे एमबी डेटा जातो, दोन्ही बाजूंचा धरला तर साडेचारशे. रोज असं बोललं तर महिन्याला तेरा-चौदा जीबी. मुलगा हे गणित मनात करत असणार आणि फुकटचं वायफाय शोधत असणार.

त्याला सांगा, रोज दहा मिनिटं मोबाइल नेटवर, फक्त आवाजावर बोलायचं. आवाजाला व्हिडिओच्या मानानं नगण्य डेटा लागतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो तुम्ही दोघांनीही चालू करा. चेहरा बघायचा तो आठवड्यातून दोन-तीनदा, चांगल्या वायफायवर, सावकाश. मला माहीत आहे, आईला चेहरा बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण गोठलेला चेहरा बघून तुम्ही रात्रभर जागताय. त्यापेक्षा न तुटलेला आवाज तुम्हाला जास्त सांगून जाईल. सर्दी झालीय का, जेवलाय का, उदास आहे का, हे आवाजातच कळतं. एकच सांगते, सिम घेतलं म्हणजे सगळीकडे रेंज असं नाही. गावाबाहेर आणि रेल्वेत रेंज जाते. जर्मन लोकांच्या भाषेत त्या जागांना खास शब्दच आहे, 'फुंकलॉख', म्हणजे रेंजचं भोक. जांबोटीच्या घाटात जशी आपली रेंज जाते तसंच. फोन मध्येच कट झाला तर लगेच वाईट विचार करू नका.

खोलीतल्या नेटसाठी तो करार करणार असेल, तर काही गोष्टी त्याला आधीच माहीत असू द्या. सगळ्यात आधी, दारावरच्या बेलवर आणि पत्रपेटीवर त्याचं आडनाव आहे का ते बघायला सांगा. जर्मनीत पत्ता म्हणजे पेटीवरचं नाव. खोली क्रमांकावर बहुतेक ठिकाणी पत्र येत नाही. नाव नसेल तर राउटरचं पार्सल आणि पासवर्डचं पत्र परत जातं, आणि पोरगा इकडे वाट बघत बसतो. महिना-महिना वाया जाण्याचं हे कारण मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय. मग टेक्निशियनची तारीख मिळते. त्या दिवशी घरी थांबावं लागतं, तळघरातल्या वायरीच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावं लागतं. टेक्निशियन ठरल्या वेळी आला नाही, तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल ती ग्राहकाला मागता येते. हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, नव्या मुलांना तो माहीत नसतो.

करार सहसा २४ महिन्यांचा पुढे केला जातो. पण कंपनीला १२ महिन्यांचा पर्यायही द्यावा लागतो, आणि मुदत संपल्यावर २०२१ च्या डिसेंबरपासून एक महिन्याची सूचना देऊन कधीही बंद करता येतं. ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत मागे घेता येतो. करारात लिहिलेल्या वेगापेक्षा सतत फारच कमी वेग मिळत असेल, तर तिथल्या सरकारी नियामक संस्थेचं मोफत मोजमापाचं साधन आहे. त्यावर वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा मोजणी करून तो अहवाल कंपनीला दाखवला की बिलात कपात मागता येते. मोजणी मात्र लॅपटॉपला वायर लावून करायची, वायफायवर नाही. तीन-चार मुलं एकत्र घर घेऊन राहत असतील तर त्या घरात बहुधा आधीच नेट असतं. महिन्याचा वाटा देऊन तेच वापरावं, स्वतंत्र करार करूच नये.

आता शेजारच्यांनी सांगितलेल्या भीतीबद्दल. त्यांचं म्हणणं एके काळी खरं होतं. मी जर्मनीत असताना, २०१० च्या ऑक्टोबरात, फायरशीप नावाचं एक साधन निघालं होतं. ते ब्राउझरला जोडलं की एकाच कॅफेत बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका क्लिकमध्ये शिरता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइटी सगळी माहिती उघड्यावर पाठवायच्या. पोस्टकार्डासारखी, वाटेतल्या कुणीही वाचावी. विद्यापीठात त्या आठवड्यात सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. त्यानंतरच्या वर्षांत चित्र बदललं. आज बँकांची ॲप, ईमेल आणि बहुतेक साइटी माहिती कुलूपबंद करून पाठवतात. व्हॉट्सॲपनं २०१६ मध्ये सगळे संदेश आणि कॉल दोन टोकांमध्ये कुलूपबंद केले. स्टेशनावरच्या वायफायवर तो तुमच्याशी काय बोलतो हे शेजारच्या बाकावरच्या माणसाला वाचता येत नाही. नुसतं वायफायला जोडलं म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत.

मग जातात कसे? माणसाला घाई असते तेव्हा. कुणीतरी स्टेशनच्या वायफायसारखंच नाव देऊन स्वतःचं वायफाय चालू करतो. मुलगा जोडतो. समोर एक पान उघडतं आणि ते गूगलचा पासवर्ड मागतं, किंवा कार्डाचा नंबर. खरं फुकटचं वायफाय बहुतेक वेळा फक्त 'अटी मान्य' एवढं बटण दाबायला लावतं. आपल्या रेल्वे स्टेशनांवर मोबाइल नंबर देऊन ओटीपी घ्यावा लागतो, त्यामुळे आपल्या मुलांना तिथंही काहीतरी भरायचं असतं असं वाटतं आणि ती भरून मोकळी होतात. त्याला बजावून सांगा: फुकटच्या वायफायच्या पानावर आपल्या कुठल्याही खात्याचा पासवर्ड भरायचा नाही, कार्डाचा नंबरही नाही. आणि ब्राउझरनं 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा लाल इशारा दाखवला तर 'तरीही पुढे जा' कधीच दाबायचं नाही, तिथंच मागे फिरायचं. वायफायला आपोआप जोडण्याची फोनमधली सोय बंद ठेवायची. बँकेचं काम असेल तेव्हा वायफाय बंद करून दोन मिनिटं मोबाइल नेटवर करायचं; त्याला डेटा किती लागतो, काहीच नाही. फुकटचे व्हीपीएन घेऊ नको म्हणावं. व्हीपीएन म्हणजे सगळी वाट एका तिऱ्हाइताच्या हाती देणं, आणि फुकट चालवणारा तिऱ्हाईत पोट कशावर भरतो कोण जाणे. विद्यापीठाचा व्हीपीएन असतो, तो वापरावा.

विद्यापीठावरून आठवलं, सगळ्यात चांगलं वायफाय त्याच्याकडे बहुधा आधीपासूनच आहे. एड्युरोम असं त्या जाळ्याचं नाव. युरोपातल्या विद्यापीठांनी वीसेक वर्षांपूर्वी सुरू केलं, आज शंभराहून जास्त देशांत चालतं. एकदा विद्यापीठाच्या खात्यानं फोन जोडला की कॅम्पसवर, ग्रंथालयात, दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठातही फोन आपोआप जोडला जातो. फक्त ते विद्यापीठानं सांगितलेल्या अधिकृत ॲपनं बसवायचं, हातानं नाव-पासवर्ड टाकून नाही. ॲप खऱ्या सर्व्हरची ओळख तपासून घेतं. नाहीतर त्याच नावाचं खोटं वायफाय पासवर्ड चोरू शकतं. याशिवाय युरोपीय संघाच्या मदतीनं काही गावांत 'वायफाय फॉर ईयू' या नावाचं मोफत वायफाय चौकांत, ग्रंथालयांत असतं. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातही मिळतं. बेकरीत बसायचं तर एक कॉफी घ्यावी, पासवर्ड विचारावा, तासभर बसावं. जर्मनीत कॅफेंमध्ये उशिरा वायफाय आलं, त्यालाही कारण होतं. २०१७ पर्यंत दुकानदाराच्या वायफायवरून गिऱ्हाइकानं काही बेकायदा केलं तर दुकानदारच अडचणीत यायचा. म्हणून कुणी देतच नव्हतं.

त्यातूनच एक धोक्याची गोष्ट, आणि ही मी अधोरेखित करून सांगते. त्याला टॉरेंटवरून एकही चित्रपट उतरवू नको म्हणावं. इथं मुलं सर्रास करतात, कुणी विचारत नाही. टॉरेंटवर उतरवताना आपला संगणक तोच चित्रपट इतरांना वाटतही असतो, आणि जर्मनीत वकिलांच्या कंपन्या त्यावर नजर ठेवून असतात. काही आठवड्यांनी नेटची जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पेटीत नोटीस येते, शेकडो युरोंची मागणी करणारी. एकत्र घरात राहणाऱ्या मुलांत यावरून कायमची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. घरातून कुणी त्याला असल्या लिंका पाठवत असेल तर तेही बंद करा.

वर्षाच्या पैशांबद्दल थोडं हायसं वाटेल असं सांगते. विद्यार्थी व्हिसासाठी जे खातं उघडलं जातं ते बंदिस्त असतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि दर महिन्याला त्यातले ९९२ युरोच बाहेर येतात. म्हणजे वर्षाची पुंजी एका फटक्यात कुणी काढून नेईल अशी त्या खात्याची रचनाच नाही. महिन्याची रक्कम मात्र त्याच्या रोजच्या खात्यात येते, तिथं सावध राहायला हवं.

खरं सांगू का, मला त्याच्यापेक्षा तुमची काळजी जास्त वाटते. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना गाठणारे ठग वाढलेत. अनोळखी नंबरवरून फोन येतो, बऱ्याचदा परदेशी नंबर. "तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय, आत्ता पैसे पाठवा." मागून रडण्याचा आवाजही ऐकवतात. किंवा खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओवर येतो आणि 'डिजिटल अरेस्ट' म्हणतो. अशी अटक कायद्यात नाहीच. पोरगा फोनवर तुटक बोलतोय, दोन दिवस नीट दिसला नाही, आई आधीच घाबरलेली. ठगाला याहून जास्त काय हवं? म्हणून तुम्ही दोघं मिळून एक शब्द ठरवा, घराबाहेर कुणालाच माहीत नसलेला. त्याच्या लहानपणी तुमच्या गोठ्यात असलेल्या म्हशीचं नाव चालेल. कुणीही त्याच्या नावानं पैसे मागितले, अगदी त्याच्याच आवाजात मागितले, तरी आधी तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही की फोन ठेवायचा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची. पहिल्या तासाभरात केली तर रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

त्याचं इथलं सिमही जपायला हवं. इथल्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. महिनोन्‌महिने रिचार्ज नाही केला तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. ते रिचार्जचं काम तुम्ही इथून अंगावर घ्या, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. फोनमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग त्यानं बंदच ठेवावं.

आता तुमच्या घराकडे. खानापूरकडची जुनी घरं जांभ्याच्या जाड भिंतींची. राउटर पडवीत, आणि तुम्ही बोलता माजघरात किंवा चुलीपाशी. शंभरचा स्पीड राउटरपाशी असतो. दोन भिंती ओलांडून येईपर्यंत त्यातलं किती उरतं ते बघा. एक सोपा प्रयोग करा. राउटरशेजारी खुर्ची टाकून बसा आणि फोन लावा. तिथं नीट चाललं आणि आत अडकलं तर दोष भिंतीचा. बहुतेक राउटरमध्ये वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असं लिहिलेलं (हे मोबाइलचं ५जी नव्हे). ते जवळून वेगवान असतं पण भिंतीपुढे लगेच दम सोडतं. साध्या नावाचं हळू असतं पण लांब पोचतं. आत बसून बोलायचं असेल तर साधं नाव निवडा. राउटर पडवीतून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवता आला तर उत्तमच. केबलवाला वायर वाढवून देईल. आणि पावसाळ्यात तुमच्याकडे करंट किती वेळा जातो ते मी सांगायला नको. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, करंट गेला तरी काही तास नेट चालू राहतं.

कधीकधी दोन्ही घरं ठीक असूनही कॉल अडतो. त्याच्या तोंडचा शब्द तुमच्यापर्यंत समुद्राखालच्या केबलमधून येतो, भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र, अरबी समुद्र अशी वाट करत मुंबईला. २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातलं परदेशाकडचं नेट मंदावलं होतं. अशा वेळी दोन-चार दिवस तग धरायचा, आवाजावर भागवायचं.

शेवटी वेळेबद्दल. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे सध्या त्याचे दुपारचे साडेचार. नोव्हेंबरात तिथं त्याच सुमारास अंधार पडतो. वर्ग संपवून तो बाहेर पडतो, ग्रंथालयात मोठ्यानं बोलता येत नाही, खोलीत नेट नाही, म्हणून स्टेशनचा बाक. फोनची वेळ तुमच्या संध्याकाळी साडेपाचला आणा. तेव्हा त्याच्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो, जेवणाची सुट्टी, आणि तो विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये असेल. तिथं एड्युरोम चांगलं चालतं, आत ऊब असते, आणि त्याच्या ताटात काय आहे ते तुम्हाला दिसेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. त्या दिवसापासून तुमची वेळ साडेचार करा.